मे महिन्यात काय वाचावे? नवी जबाबदारी अंगावर आलेल्यांसाठी पुस्तके सुचवा

चिंचेची सावली (११ एप्रिल)

नमस्कार. एक एप्रिलपासून माझ्याकडे बारा जणांचा तपासणी विभाग सोपवण्यात आला आहे. चाकणजवळच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तयार होतात आणि ते मापात आहेत की नाहीत, हे आमचा विभाग पाहतो. नऊ वर्षांपूर्वी मी येथे शिकाऊ म्हणून लागले, तेव्हा ज्या काकांनी माझ्या हातात व्हर्नियर देऊन "आधी शून्य जुळते का ते बघ, मग मापाला लाव" असे शिकवले, त्यांच्या रजेच्या अर्जावर आता मला सही करावी लागते. गेल्या आठवड्यात त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला आणि ते उभेच राहिले. मी "बसा ना काका" म्हणाले, तरी बसले नाहीत. सही करताना माझाच हात अवघडला.

नव्या जबाबदारीसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले. त्यात पडद्यावर बाण आणि त्रिकोण पुष्कळ होते. काका उभे राहिले तर काय करावे, हे मात्र कोठेच नव्हते. मे महिन्यात मी बारा दिवस माहेरी, राजापूरकडे जाणार आहे, आणि एरवी बसमध्ये रोज जाऊन-येऊन दीड तास मिळतो. एवढ्या वेळात वाचून होतील अशी मराठी पुस्तके सुचवावीत. मुखपृष्ठावर 'नेतृत्व' हा शब्द असलाच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. विनंती एवढीच, की नुसती यादी देऊ नये. कोणता भाग तुम्हाला उपयोगी पडला आणि का, हेही लिहावे. याद्या माझ्याकडे चार आहेत आणि चारही अर्धवट राहिल्या आहेत.

ओसरीवर (११ एप्रिल)

ताई, अभिनंदन. मी तेहतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत होतो, त्यांतली शेवटची अकरा मुख्याध्यापक म्हणून. तुमचा अवघडलेला हात मला चांगलाच ओळखीचा आहे. मी एकच पुस्तक सुचवतो: व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची 'बनगरवाडी'.

ही कादंबरी आहे, तिच्यात नेतृत्व कोठून आले, असे कोणी म्हणेल. एक पोरसवदा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शिकवायला येतो. अधिकार म्हणाल तर त्याच्याकडे शाळेची किल्ली आणि हजेरीपट, बस्स. मुले मेंढरांमागे रानात गेलेली, शाळा ओस पडलेली. येथे एखाद्या उत्साही माणसाने गावसभा बोलावून शिक्षणाचे महत्त्व सांगितले असते. हा मास्तर लोकांची पत्रे लिहून देतो, त्यांचे तंटे ऐकून घेतो, वाडीबाहेरची त्यांची कामे करतो. वाडीचा म्हातारा कारभारी त्याच्या पाठीशी उभा राहतो, तेव्हा कोठे मुले शाळेकडे वळू लागतात. पुढे हाच मास्तर वाडीत तालीम बांधायची कल्पना काढतो आणि ज्यांच्या गाठीला पैसा नाही अशी माणसे अंगमेहनत घालून ती उभी करतात.

मी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली, तेव्हा मास्तरच्या बाजूने वाचली. मुख्याध्यापक झाल्यावर वाचली, ती कारभाऱ्याच्या बाजूने. गावात ज्याचा शब्द चालतो, पण ज्याला कागदोपत्री काहीच अधिकार नाही, असा एक माणूस प्रत्येक शाळेत असतो. तुमच्या कारखान्यातही असणार. आमच्या शाळेत तो शिपाई होता. माझ्या आधीच्या दोन मुख्याध्यापकांनी त्याच्याशी उभा दावा मांडला होता आणि दोघांचीही त्यात दमछाक झाली होती. तुमचे व्हर्नियरवाले काका हे तुमच्या विभागाचे कारभारी आहेत, असे मला वाटते. कादंबरीत पुढे कारभारी आणि मास्तर यांच्यात गैरसमजाने अंतर पडते, तो भाग जरूर सावकाश वाचा. मास्तरचा हेतू स्वच्छ असतो, आणि तरीही अंतर पडते.

आणखी एक. शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, वाडी उठते. मास्तरने केलेले सगळे त्या कोरड्या वर्षापुढे टिकत नाही. यशाच्या शिखरावर संपणाऱ्या पुस्तकांच्या गर्दीत हे पुस्तक म्हणूनच मला खरे वाटत आले आहे.

पांझराकाठ (१२ एप्रिल)

मी धुळ्याचा असल्यामुळे माझी शिफारस थोडी पक्षपाती आहे, हे आधीच कबूल करतो. विनोबांची 'गीता प्रवचने' आमच्या गावच्या तुरुंगात जन्मली. १९३२ साली विनोबा तेथे राजबंदी होते आणि त्यांनी सोबतच्या कैद्यांसमोर दर रविवारी गीतेचा एक अध्याय घेतला. २१ फेब्रुवारीला पहिला, १९ जूनला अठरावा. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते; त्यांनी ती प्रवचने उतरवून घेतली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली.

तारखा मुद्दाम दिल्या. खानदेशाच्या उन्हाळ्यात, भिंतीआड, आठवड्याला एक अध्याय, या वेगाने हे पुस्तक घडले आहे, तेव्हा ते वाचायचेही त्याच वेगाने. आम्ही सात जणांनी तीन वर्षांपूर्वी हा प्रयोग केला. रविवारी सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत, एका मित्राच्या गच्चीवर जमायचे. एकाने अध्याय मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा, आणि चर्चा चहा संपेपर्यंतच. ही चहाची अट फार उपयोगी पडली, कारण आमच्यातील दोघे वकील आहेत.

धार्मिक पुस्तक म्हणून कोणी बिचकू नये. चौथ्या अध्यायावरचे प्रवचन कोणत्याही विभागप्रमुखाने वाचावे. तेथे विनोबा कर्म आणि विकर्म यांचा संबंध उलगडतात. बाहेरून केलेले काम ते कर्म. त्यात मन ओतले जाणे ते विकर्म. आणि दोन्ही एकत्र आली म्हणजे कामाचा भार वाटेनासा होतो, ते अकर्म. उदाहरण ते आईच्या हाताचे देतात: मुलाच्या पाठीवरून हात फिरवणे ही क्रिया म्हणून पाहिली तर अगदी क्षुल्लक, पण त्या हातामागे आईचे मन असते. मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक पाहतो. माझ्या कामाइतके निर्जीव काम शोधून सापडणार नाही, असे मी अनेक वर्षे मानत होतो. त्या प्रवचनानंतर मी एवढेच केले, की टपालावर शिक्का मारण्याआधी अर्ज कशाबद्दल आहे ते एकदा वाचू लागलो. त्याने काम वाढले, हे खोटे कशाला सांगू? पण निवृत्तिवेतनाचा एक अर्ज चुकीच्या टेबलाकडे निघाला होता, तो त्यामुळे वेळीच दिसला.

सरळरेषा (१२ एप्रिल)

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. धागाकर्तीला सोमवारी सकाळी कामावर जायचे आहे. तिला 'बनगरवाडी' देणे म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला नदीचे वर्णन देण्यासारखे आहे. व्यवस्थापनावरच्या आजच्या पुस्तकांना नावे ठेवण्याची आपल्याकडे एक फॅशन आहे. माझाही अनुभव असा, की त्यांतली बरीचशी पहिल्या तीन प्रकरणांतच संपतात आणि उरलेली दोनशे पाने तेच पीठ पुन्हा दळतात. परंतु अशाच एका पुस्तकातून मी एक गोष्ट उचलली: हाताखालच्या प्रत्येक माणसाबरोबर दर आठवड्याला ठरलेल्या वेळी अर्धा तास एकट्याने बसायचे, आणि त्या अर्ध्या तासात आधी त्याला बोलू द्यायचे. सहा वर्षे मी हे पाळतो आहे. कोणत्याही कादंबरीने मला हे सांगितले नव्हते.

तरीही चरित्रच हवे असेल तर कलामांचे 'अग्निपंख' घ्या. मराठी अनुवाद माधुरी शानभाग यांचा आहे. त्यातला एसएलव्ही-३ चा भाग वाचा. १० ऑगस्ट १९७९ रोजी त्या प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण फसले आणि तो बंगालच्या उपसागरात कोसळला. कलाम प्रकल्पाचे प्रमुख होते. त्या दिवशी पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन, आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा धवन यांनी पत्रकारांसमोर कलामांना पुढे केले. ही आठवण कलाम पुढे भाषणांतून वारंवार सांगत. नेतृत्वावरचे अख्खे प्रशिक्षण या दोन तारखांत मावते.

माझ्या पहिल्या नोकरीत साहेबांचा क्रम याच्या बरोबर उलट होता, एवढे सांगून थांबतो.

ओसरीवर (१२ एप्रिल)

सरळरेषा, नदीचे वर्णन हा टोला आवडला. पण तुमचा अर्धा तास घ्या. त्या अर्ध्या तासात समोरचा माणूस गप्पच बसला तर काय करायचे, हे तुमच्या पुस्तकाने सांगितले होते का? माझा शिपाई पहिले सहा महिने माझ्याशी 'हो साहेब' आणि 'नाही साहेब' यांपलीकडे बोलला नाही. कृती पुस्तकात मिळते. माणूस आपला आपल्यालाच वाचावा लागतो, आणि ती सवय कादंबरीने लागते.

सरळरेषा (१३ एप्रिल)

नव्हते सांगितले. पहिले दोन महिने आमच्याकडेही हवामानावरच बोलणे होई. मुद्दा मान्य, कृतीवरचा आग्रह मात्र कायम.

मोडीचा नाद (१३ एप्रिल)

कोणीच उल्लेख केला नाही म्हणून लिहितो. राज्य कसे चालवावे यावर मराठीत तीनशे वर्षांपूर्वीचे एक पुस्तक आहे आणि ते आजही कामाचे आहे: रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र', साधारण १७१५ च्या सुमाराचे. लेखक कोण, हे लक्षात घेतले तर त्याचे वजन कळते. शिवाजी महाराजांच्या काळापासून कारभारात असलेला हा माणूस. राजाराम महाराज जिंजीला गेले, तेव्हा 'हुकूमतपन्हा' म्हणून इकडचा कारभार त्याने सांभाळला. म्हणजे धनी दूर, खजिना रिकामा, शत्रू दारात, अशा स्थितीत गाडा ओढलेल्या माणसाने म्हातारपणी लिहिलेले हे अनुभवाचे बोल आहेत. साहुकार राज्याला का हवेत, टोपीकरांपासून, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांपासून, सावध का राहावे, किल्ल्यावर माणसे कशी नेमावीत, सगळे त्यात आहे.

माझा आवडता भाग आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा. तारवे बांधायला लाकूड हवे, आणि आंबा-फणसाचे लाकूडही त्या कामाचे. पण त्या झाडांना हात लावू देऊ नये, असे अमात्य बजावतात. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी जतन करून वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडून न्यावे. बळजबरी मुळीच करू नये. राज्याच्या आरमारापुढे कुणा शेतकऱ्याचे आंब्याचे झाड ते काय, असे म्हणणे किती सोपे होते! ताई, तुम्ही राजापूरच्या, तेव्हा अंगणातले कलम न विचारता कापले गेले तर घरात काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या विभागातही कोणीतरी वर्षानुवर्षे लावलेली घडी असेल. ती बदलताना हे पान आठवावे.

भाषा सुरुवातीला अडेल. शब्दार्थ असलेली प्रत घ्या आणि मोठ्याने वाचा. वाक्यांचा ताल सापडला की अर्थ आपोआप उलगडतो.

जाता जाता, माधवराव पेशव्यांवरची 'स्वामी' येथे कोणी सुचवणार असेल, तर कादंबरी म्हणूनच सुचवावी. सोळाव्या वर्षी, पानिपतानंतरच्या पडझडीत गादीवर आलेल्या मुलाची गोष्ट म्हणून ती हृद्य आहे, पण तिच्यातल्या संवादांना पुरावा समजून भांडणारे लोक मला भेटले आहेत.

ड वर्ग (१४ एप्रिल)

मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय सांभाळते, त्यामुळे माझा प्रतिसाद थोडा व्यवहाराचा. वर आलेल्यांपैकी 'बनगरवाडी', 'गीता प्रवचने' आणि 'अग्निपंख' बहुतेक वाचनालयांत मिळतील. विकत घेण्याआधी तेथे जरूर विचारा. मे महिन्यात आमच्याकडे मुलांची गर्दी असते, मोठी माणसे फक्त वर्तमानपत्रापुरती येतात आणि पंख्याखालची खुर्ची धरतात. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्याकडे लेखनाचा हक्क खुला होतो, म्हणून जुनी पुष्कळ आत्मचरित्रे आता मोबाइलवरही विनामूल्य वाचता येतात. सुट्टीत महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणाऱ्यांनी भिलारला एक दिवस द्यावा. २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' आहे. लोकांनी आपल्या घरांतून पुस्तकांसाठी जागा दिली आहे, तेथे बसून हवे ते वाचता येते.

माझी शिफारस दोन पुस्तकांची आहे, आणि ती दोन्ही एकदमच वाचायची आहेत. पहिले, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त'. दुसरे, त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे 'माझे पुराण'.

अण्णांचे पुस्तक त्यांच्यासारखेच आहे, अबोल आणि नेटके. मुरुडहून साताऱ्यापर्यंत परीक्षेसाठी पायी गेलेला मुलगा, आणि तेथे 'तू वयाने लहान दिसतोस' म्हणून परीक्षेलाच बसू न देता परत पाठवलेला. हा प्रसंग ते कोणताही कांगावा न करता सांगतात. पुढे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झाल्यावर हिंगण्याच्या आश्रमाकडे चिखल तुडवत रोज पायी जाणारे कर्वे सगळ्यांना माहीत आहेत. पण त्या पायपिटीचा खर्च घरात कोण भरत होते, ते कळण्यासाठी 'माझे पुराण' हवे. आयुर्विम्याचे पैसेही नवऱ्याने आश्रमाला देऊन टाकले, तेव्हा उद्या पोरांचे काय, हा प्रश्न बायांना पडला आणि तो त्यांनी गिळला नाही. त्या भांडल्या, ते भांडण त्यांनी लिहून ठेवले, आणि तरीही त्या त्याच कामासाठी वर्गणी गोळा करत हिंडल्या. थोर माणसाचे चरित्र वाचून झाले की शेजारच्या खोलीतल्या माणसाचेही मागावे, असे मी वाचकांना सांगते. दरवेळी ते मिळत नाही. येथे मिळते.

प्रीतिसंगम (१५ एप्रिल)

बायांचा उल्लेख आला म्हणून यशवंतराव चव्हाणांचे 'कृष्णाकाठ' सुचवतो. १९८४ साली आलेला हा आत्मचरित्राचा पहिला खंड, आणि दुर्दैवाने शेवटचाही; तो १९४६ पर्यंत येऊन थांबतो. लोकांना त्यातला एकच प्रसंग पाठ असतो: शाळेत शिक्षकांनी 'तुम्हाला कोण व्हायचे आहे' असे विचारले, इतरांनी थोरामोठ्यांची नावे लिहिली आणि या मुलाने 'मी यशवंतराव चव्हाण होणार' असे लिहिले. आम्ही कऱ्हाडकर तो इतक्यांदा ऐकतो, की आता भाषणात तो सुरू झाला की माणसे घड्याळ बघतात.

मला महत्त्वाचे वाटते ते १९४२ चे प्रकरण. जूनमध्ये लग्न, ऑगस्टमध्ये चळवळ, आणि नवरा भूमिगत. लग्नाला वर्षही झालेले नसताना वेणूताईंना त्यांच्यापायी अटक झाली. निर्णय आपण घेतो आणि किंमत घरातले मोजतात, ही बोच त्या पानांत लपवलेली नाही. पुढे मुख्यमंत्री आणि संरक्षणमंत्री झालेल्या माणसाच्या पुस्तकात पदे जवळजवळ नाहीतच, हेच त्याचे बलस्थान आहे. एक मुलगा वाचतो, तुरुंगात जातो, तेथे वडीलधाऱ्यांकडून शिकतो आणि हळूहळू स्वतःचे मत बनवतो, एवढेच आहे.

सकाळचे संकलन (१७ एप्रिल)

शिरोळ तालुक्यातील एका गावच्या दूध संस्थेचा मी सचिव आहे. मी फार वाचणारा नाही. दोन वेळचे संकलन, बिलाचा दिवस आणि ऑडिट यांत वर्ष जाते. पण वर्गीस कुरियन यांचे 'माझंही एक स्वप्न होतं' मी तीनदा वाचले आहे.

कुरियन १९४९ साली आणंदला आले ते सरकारी नोकर म्हणून, नाइलाजाने, आणि कधी सुटका होते याची वाट पाहत. त्यांना थांबवले त्रिभुवनदास पटेलांनी. लोक कुरियनना नेता म्हणतात, ते बरोबरच आहे, पण पुस्तक नीट वाचले तर तेथे तीन माणसे दिसतात. शेतकऱ्यांचा विश्वास त्रिभुवनदासांचा, यंत्र आणि बाजार कुरियनचा, आणि म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत असताना ती करून दाखवणारे दलाया. थंडीत दूध उतू जाते आणि उन्हाळ्यात आटते; थंडीतले जादा दूध भुकटी करून ठेवता आले नाही, तर शेतकऱ्याने ते ओतून द्यायचे का? १९५५ साली आणंदला तो कारखाना उभा राहिला. तिघांपैकी एकाला जरी 'सगळे मीच करतो' असे वाटले असते, तरी हे झाले नसते. आणि गंमत म्हणजे कुरियन स्वतः दूध पीत नसत.

ताई, तुमच्या विभागात माप आहे आणि आमच्याकडे फॅट, म्हणून एक अनुभव सांगतो. दोन उन्हाळ्यांपूर्वी रोज सकाळी खिडकीवर भांडण ठरलेले. "आमच्या म्हशीची फॅट एवढी कमी कशी लागली?" मी यंत्राचा आकडा वाचून दाखवायचो, समोरची बाई मान हलवायची आणि जाताना पुटपुटायची. पुस्तकात आणंदच्या गावोगावी सगळ्यांसमोर दूध मोजले जाते, ते वाचताना माझ्या लक्षात आले, की आमच्या यंत्राचा आकडा फक्त मला दिसतो. टेबल फिरवले, वायर लांब करून घेतली आणि आकड्याचे तोंड खिडकीकडे केले. खर्च एकशे चाळीस रुपये. भांडणे संपली नाहीत. आता लोक माझ्याऐवजी म्हशीला बोल लावतात.

नेकारकाठ (१८ एप्रिल)

वरचा प्रतिसाद वाचून फार बरे वाटले. मी स्टुटगार्टला असतो. माझ्या हाताखाली नऊ माणसे आहेत आणि सगळ्यांचे जर्मन माझ्यापेक्षा चांगले आहे, कारण ती त्यांची मातृभाषा आहे. बैठकीत विनोद झाला की मला तो अर्ध्या सेकंदाने कळतो. अशा अवस्थेत मला आधार दिला तो लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ने. नवऱ्याने १८९५ साली धर्म बदलला, संसार मोडला, काही वर्षांनी पुन्हा जुळला. एका कर्मठ घरात वाढलेल्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या या बाईला नवे जग समजून घ्यावे लागले. स्वतःच्या मनातले सोवळे कसे हळूहळू गळत गेले, हे त्या स्वतःवरच हसत सांगतात. आपली फजिती इतक्या मोकळेपणी सांगणारा माणूस कमकुवत वाटत नाही, हे मी त्यांच्याकडून शिकलो. आता एखादा विनोद कळला नाही तर मी सरळ पुन्हा विचारतो.

आळशी वाचक (१९ एप्रिल)

एवढी पुस्तके झेपत नसतील त्यांच्यासाठी: दासबोधाचा दुसरा दशक. दहा छोटे समास. पहिला मूर्खलक्षणांचा, शेवटचा पढतमूर्खाचा. वाचताना आधी शेजाऱ्यांची नावे आठवतात, मग साहेबाचे, आणि पाचव्या मिनिटाला आपले. नव्याने पद मिळालेल्यांनी दुसऱ्या समासातली ही ओवी टेबलाच्या काचेखाली ठेवावी:

वाट पुसल्याविण जाऊं नये ।
फळ वोळखिल्याविण खाऊं नये ।
पडिली वस्तु घेऊं नये । येकायेकीं ॥

ड वर्ग (१९ एप्रिल)

आळशी म्हणवून घेऊन दासबोध सुचवणारे वाचक आमच्याकडे रोज येवोत. एक पुस्तक राहिले: डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. गडचिरोलीत लोकांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या डॉक्टरला १९९५ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, स्वतःलाच हृदयविकाराचा झटका आला. रोजचे जेवण, राग आणि घाई यांच्याकडे तो मग प्रयोगशाळेतल्या नोंदीसारखा पाहू लागतो. नवी जबाबदारी आली की जेवणाची वेळ सर्वांत आधी चुकते, म्हणून सुचवते.

चिंचेची सावली (८ जून)

उशिरा आल्याबद्दल क्षमस्व. पाऊस सुरू झाला आणि बस दोनदा बंद पडली, तेव्हा कोठे हे लिहायला वेळ मिळाला. ठरवल्याप्रमाणे सगळे वाचून झालेले नाही. 'बनगरवाडी' पूर्ण झाली, तीही दोनदा. 'गीता प्रवचने' पाच अध्यायांपर्यंत आली आहे. माहेरी रविवारी सकाळी पडवीत मोठ्याने वाचत असे, आणि आई आमसुले वाळत घालताना ऐकत असे. चौथ्या प्रवचनाच्या वेळी ती म्हणाली, "हे मला माहीत आहे, पुढे वाच." 'माझे पुराण' अर्धे झाले, 'आत्मवृत्त' वाचनालयात दुसऱ्या कोणीतरी नेले आहे, त्यामुळे उलट्या क्रमाने सुरुवात झाली, आणि मला वाटते तेच बरे झाले. हे वाचत असल्यामुळे घरातही एक बोलणे झाले, जे दोन महिने टळत होते: माझी पाळी लांबली की मुलीला क्लासहून कोण आणते आणि त्याबद्दल कोण किती गप्प बसते, यावर. ते येथे विस्ताराने लिहीत नाही.

कारखान्यातले सांगते. 'सकाळचे संकलन' यांच्या खिडकीवरून मला आमची नाकारलेल्या मालाची नोंदवही आठवली. ती माझ्या कपाटात असे. ज्यांच्या यंत्रावर तो माल तयार झाला त्यांना फक्त महिन्याच्या शेवटी आकडा कळे, तोही ओरडा खाताना. आता रोजचा आकडा, भाग आणि चुकलेले माप फळ्यावर लिहितो. पहिल्या आठवड्यात उत्पादन विभागातून दोन जण भांडायला आले. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यापैकीच एकाने आमचे माप तपासून पाहिले आणि चूक आमची निघाली. गेजची तपासणीची तारीख उलटून गेली होती. फळ्यावर तेही लिहिले. 'सरळरेषा' यांचा अर्धा तास सहा जणांबरोबर सुरू केला आहे. दोघे हवामानावर बोलतात.

आणि काका. 'ओसरीवर' यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी रजेचे अर्ज टेबलावर घेणे बंद केले. पाळी सुरू होताना फेरी मारते, तेव्हा ज्याचा अर्ज असेल त्याच्या जागेवरच उभ्याने सही करते. मेअखेर काकांनी अर्ज दिला, मी त्यांच्या बाकावर कागद टेकवून सही केली आणि पुढे निघाले. त्यांनी मागून हाक मारली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी अर्ज माझ्यासमोर धरला आणि सहीखाली बोट ठेवले: मी जूनऐवजी जुलै लिहिले होते. खोडून पुन्हा लिहिले. "आद्याक्षर कर खोडल्याजागी," असे म्हणून ते कामाला लागले.

पुढच्या आठवड्यात दोन शिकाऊ मुली रुजू होत आहेत. त्यांचे पहिले पंधरा दिवस काकांकडे द्यायचे, असे मनात आहे, पण अजून त्यांना विचारलेले नाही.

'मोडीचा नाद' यांना एक विचारायचे आहे. 'आज्ञापत्र' शोधले, एका दुकानात जी प्रत मिळाली तिच्यात शब्दार्थ नाहीत आणि मी दुसऱ्याच पानावर अडले. शब्दार्थ असलेली प्रत पुण्यात कोठे पाहावी? अंगणातल्या कलमाबद्दल तुम्ही लिहिले होते, ते वडिलांना वाचून दाखवले. त्यांना पुढचेही ऐकायचे आहे.